लवचीक दाबविद्युत् साधनांच्या संशोधकांस अनावृत पत्र

अंगावर घालण्याची आणि अंगात बसवण्याची लवचीक दाबविद्युत् साधने घडवणाऱ्या, देशोदेशींच्या आणि विशेषेकरून आपल्या देशातील विद्वज्जनांस,



ज्याची सारी हयात शासकीय रुग्णालयांतील बिघडलेली यंत्रे उघडण्यात, त्यांतील धूळ झाडण्यात आणि सुट्या भागांची वाट पाहण्यात गेली, अशा एका निवृत्त दुरुस्तीकाराने आपणांसारख्या व्यासंगी मंडळींस जाहीरपणे चार शब्द सुनावावेत, हे धार्ष्ट्य आहे याची मला जाणीव आहे. परंतु आपण जे घडवता ते बिघडल्यावर ज्या टेबलावर येऊन पडते त्या टेबलापाशी मी बसत आलो, आणि तेथून जे दिसते ते आपल्या निबंधांतील रंगीत आकृत्यांत सहसा दिसत नाही; म्हणून ही कैफियत आपणांपुढे रुजू करीत आहे.

आपल्या विषयाबद्दल माझ्या मनात अनादर आहे असा समज मात्र कृपा करून करून घेऊ नये. १८८० साली झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी क्वार्ट्झ, तोरमल्ली आदी स्फटिकांवर दाब देताच त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार प्रकट होतो हे दाखवले. पुढल्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ लिपमान यांनी याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे विद्युत् दिली असता स्फटिकाने आपला आकार बदलला पाहिजे, असे गणिताने सांगितले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने खरे करून दाखवले. आमच्या रुग्णालयांतील प्रत्येक सोनोग्राफी यंत्र या दोन्ही गोष्टींवर चालते: प्रोबमधील सिरॅमिकच्या बारीक पट्ट्या विद्युत् मिळताच थरथरतात व ध्वनी सोडतात, आणि परतलेला प्रतिध्वनी त्यांच्यावर आदळला की पुन्हा विद्युत् देतात. हा प्रोब हातातून निसटून फरशीवर पडला म्हणजे काय होते हे मी पुष्कळदा पाहिले आहे. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही, परंतु पडद्यावरील चित्रात वरपासून खालपर्यंत काळे पट्टे उमटतात, कारण आतील तितक्या पट्ट्या मेलेल्या असतात; आणि मग नव्या प्रोबचा प्रस्ताव, मंजुरी, निविदा या वाटेने कित्येक महिने निघून जातात. तेव्हा ठिसूळ सिरॅमिकच्या जागी वाकणारे, वळणारे, त्वचेला आणि हृदयाला लपेटून बसणारे द्रव्य यावे, ही आपली आकांक्षा मला परकी नाही. १९६९ साली जपानमध्ये कावाई यांनी पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड या प्लास्टिकच्या पातळ पडद्याला ताणून आणि तीव्र विद्युत्क्षेत्रात ठेवून त्यात हा गुण आणून दाखवला, आणि त्याच्याही आधी, १९५७ साली, फुकादा व यासुदा यांनी माणसाच्या अस्थींतच तो असल्याचे सिद्ध केले होते. शरीर आणि दाबविद्युत् यांचे नाते जोडणारे आपण पहिले नव्हे, पण ते नाते उपयोगात आणू पाहणारे आहात, याबद्दल आपले अभिनंदनच केले पाहिजे.

आता तक्रारीकडे वळतो. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आपण मिरवत असलेल्या व्होल्टांविषयी आहे. बोटाने टिचकी मारताच वीस व्होल्ट, चाळीस व्होल्ट. तळहाताने थाप मारताच हिरव्या दिव्यांची ओळ लखलखते. त्याचे छायाचित्र निबंधाच्या पहिल्या पानावर येते, तेथून ते वर्तमानपत्रांत जाते, आणि दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवलेले एखादे आजोबा बाह्यरुग्ण विभागात विचारतात की बॅटरीविना चालणारा पेसमेकर आता कधी मिळणार. त्यांना काय उत्तर द्यावे? स्वयंपाकघरातील गॅस पेटवण्याचा लायटर एका दाबासरशी हजारो व्होल्ट निर्माण करतो, तरीही त्यावर घरातला दिवा लावावा असे कुणाला सुचत नाही. व्होल्ट आणि शक्ती यांतील भेद आपणांस शिकवावा एवढा मी उद्धट नाही, परंतु तो भेद आपल्या निबंधांच्या शीर्षकांतून आणि प्रसिद्धीपत्रकांतून हेतुपुरस्सर पुसला जातो असा माझा आरोप आहे. समजा, वीस व्होल्टांचा झटका एक कोटी ओहमच्या रोधकावर पडला. त्या क्षणाची शक्ती चाळीस मायक्रोवॅट भरते आणि तोच आकडा ठळक अक्षरांत छापला जातो. परंतु तो झटका सेकंदाचा शंभरावा भाग टिकत असेल आणि सेकंदाला एकदाच येत असेल, तर सरासरी अर्ध्या मायक्रोवॅटाच्याही खाली उतरते. त्यातून उलटसुलट प्रवाह एकदिश करण्यात आणि साठवण्यात जे गळते ते वेगळेच.

या क्षेत्रात प्रामाणिकपणे आकडे देणारे लोक नाहीत असे मी म्हणत नाही, आणि ज्या कामाचा दाखला देतो ते माझ्या मते अनुकरणीय आहे. २०१४ साली जॉन रॉजर्स, जनान दादेविरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत गाय, मेंढी यांसारख्या, माणसाच्या जवळपास आकाराचे अवयव असलेल्या प्राण्यांच्या हृदयावर, फुप्फुसावर आणि श्वासपटलावर शिसे, झिर्कोनियम व टिटॅनियम यांच्या सिरॅमिकच्या अतिशय पातळ, अवघ्या अर्ध्या मायक्रोमीटर जाडीच्या फिती टाके घालून बसवल्या. ठिसूळ द्रव्यही पुरेसे पातळ केले की वाकते, हा त्यांचा धडा. पाच थर एकावर एक ठेवले असता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ मायक्रोवॅट मिळाले, आणि सबंध व्यवस्थेची कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या आसपास भरली, असे त्यांनी छापले. पेसमेकरला साधारण दहा मायक्रोवॅट किंवा त्याहून काहीशी अधिक शक्ती लागते. म्हणजे धडधडत्या हृदयावर आठ-दहा चौरस सेंटिमीटर जागा व्यापली तर कुठे काम भागेल. हा आकडा वाचून मी निराश झालो नाही. उलट विचार करता आला, हिशेब मांडता आला. दिव्यांच्या छायाचित्रावरून कसला हिशेब मांडणार?

त्याच कामात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे वार्ताहरांचे सोडा, आपल्यापैकी पुष्कळांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. या फिती ओलसर वातावरणात दोन कोटींहून अधिक वेळा वाकवून पाहिल्या गेल्या व त्या टिकल्या. दोन कोटी हा आकडा ऐकताना भव्य वाटतो. परंतु मिनिटाला बहात्तर ठोके या हिशेबाने हृदय दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा धडधडते, म्हणजे दोन कोटी ठोके साधारण साडेसहा महिन्यांत संपतात. आणि ज्याच्या जागी आपण हे बसवू इच्छिता तो बॅटरीचा पेसमेकर सात-आठ-दहा वर्षे निमूटपणे चालतो. दहा वर्षांचे ठोके सुमारे अडतीस कोटी होतात. हा टिकाऊपणाही सहजी आला नाही: स्वीडनमधील आर्ने लार्सन यांना १९५८ साली जगातला पहिला संपूर्ण शरीरांतर्गत पेसमेकर बसवला, तो काही तासांतच निकामी झाला, आणि त्यानंतर आयुष्यभरात त्यांच्या अंगात वीसहून अधिक पेसमेकर बदलले गेले. ते २००१ साली, शहाऐंशीव्या वर्षी निवर्तले. पेसमेकर खात्रीचा झाला तो १९७२ पासून आलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीमुळे, आणि त्या बॅटरीचा मोठा गुण म्हणजे ती संपत आली की हळूहळू, वेळेवर इशारा देत संपते. आपल्या फिती कशा संपतील? एका क्षणी तडा जाऊन, की हळूहळू उतरत? याचे उत्तर ज्या निबंधात असेल तो मी सर्वप्रथम वाचीन.

शिवाय शरीर हे काही प्रयोगशाळेतील हलणारे टेबल नव्हे. परकी वस्तू आत शिरली की तिच्याभोवती ते तंतुमय आवरण विणू लागते, आणि जी फीत पहिल्या दिवशी हृदयाच्या स्नायूला बिलगलेली होती ती काही महिन्यांनी त्या आवरणातच गुरफटून बसते. मग हृदयाच्या हालचालीतील किती हिस्सा तिच्यापर्यंत पोहोचतो? चार तासांच्या, फार तर चार दिवसांच्या प्राणिप्रयोगावरून दहा वर्षांची भाकिते करू नयेत, अशी माझी नम्र शिफारस आहे.

आता एक अगदी रोकडी गोष्ट सांगतो, कारण तिच्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही. तालुक्याच्या रुग्णालयात निर्जंतुक करण्याचे हुकमी साधन एकच, ऑटोक्लेव्ह; १२१ अंश सेल्सिअस, पंधरा मिनिटे, दाबाखालील वाफ. आपण ज्या प्लास्टिकच्या पडद्याची एवढी स्तुती करता तो ऐंशी-शंभर अंशांपलीकडे गेला की त्याच्यातील द्विध्रुवांची रचना ढळू लागते व दाबविद्युत् गुण उतरू लागतो. म्हणजे सिस्टरने नेहमीच्या सवयीने आपले साधन इतर हत्यारांबरोबर ड्रममध्ये ठेवले, तर बाहेर निघेल ती एक स्वच्छ, निर्जंतुक आणि निरुपयोगी प्लास्टिकची चकती. इथिलीन ऑक्साइड वायूची सोय मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असते, हे मान्य. परंतु आपल्या निबंधांच्या उपसंहारात ज्या ग्रामीण भारताचा उल्लेख अगत्याने येतो, तेथे ती किती ठिकाणी आहे, याची चौकशी उपसंहार लिहिण्यापूर्वी करावी. आणि साधन कोणत्या रीतीने निर्जंतुक केले, केल्यानंतर त्याची संवेदनक्षमता किती उरली, ही दोन वाक्ये प्रत्येक निबंधात असावीत. ती नसली की मी समजून चालतो की साधन कधी निर्जंतुक केलेच गेले नाही.

तीच गत जोडाची. दुरुस्तीच्या धंद्यात पडद्यामुळे बिघडलेले यंत्र क्वचित दिसते. बिघाड असतो तो पडदा आणि तार यांच्या सांध्यात. हा प्लास्टिकचा पडदा पुष्कळदा अठ्ठावीस मायक्रोमीटर जाडीचा, त्यावर धातूचा मुलामा त्याहूनही पातळ. डाख द्यायला जावे तर उष्णतेने पडदाच वितळतो, म्हणून विद्युद्वाहक गोंदाने किंवा चिमट्याने तार बसवावी लागते, आणि मनगट हजार वेळा वळले की नेमका तोच सांधा सुटतो. आपल्या आकृत्यांत तार एका सुबक रेषेने दाखवलेली असते. त्या रेषेविषयी चार ओळी लिहाल तर माझ्यासारख्यांवर उपकार होतील.

अंगावर घालण्याच्या साधनांकडे येतो. मनगटावरील नाडी टिपणाऱ्या आपल्या पट्ट्यांच्या चाचण्या बहुधा कुणावर होतात? आपल्याच विद्यार्थ्यांवर, वय विशीतले, खुर्चीवर स्वस्थ बसलेले, खोली वातानुकूलित. विदर्भातल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेली, मनगटभर बांगड्या असलेली, घामाने हात निथळणारी, नाडी क्षीण झालेली सत्तर वर्षांची आजी आपल्या आलेखांत कुठेच नसते. येथे पदार्थविज्ञानही आपल्या विरुद्ध जाते: हा पडदा केवळ दाबाला नव्हे तर तापमानातील बदलालाही विद्युत् देऊन उत्तर देतो, त्यामुळे उन्हातून पंख्याखाली आलेल्या माणसाच्या हातावर तो जे सांगेल त्यात नाडी किती आणि उकाडा किती, हे वेगळे काढावे लागते. दुसरे असे की दाब स्थिर राहिला तर त्यापासून निघालेला भार हळूहळू गळून जातो. म्हणजे हे साधन बदल टिपते, स्थिर मूल्य टिपत नाही. नाडीची लहर ते उत्तम दाखवील, परंतु रक्तदाबाचा आकडा त्याला स्वतःहून सांगता येत नाही. दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्राशी जुळणी करून तो काढावा लागतो, आणि ती जुळणी पुनःपुन्हा करावी लागते. ‘पट्ट्याविना रक्तदाब’ असे मथळे देताना ही अट त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.

शिशाविषयी थोडक्यात. ज्या सिरॅमिकवर आपला सर्वाधिक भर आहे त्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते, आणि प्लास्टिकचा पडदा त्याच्या दशांशही विद्युत् देत नाही. ही अडचण मला कळते. फिती इतक्या पातळ की शिशाचे प्रमाण नगण्य, असे आपण म्हणता, तेही एका परीने खरे. पण मग आवरण फाटल्यावर काय होते याचा प्रयोग करून दाखवा, एवढेच मागणे आहे. कनेक्टिकट विद्यापीठातील मंडळींनी शरीरात विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या तंतूंचे जाळे सशांच्या सांध्यात बसवून, व्यायामाने निर्माण होणाऱ्या विद्युतेने कूर्चा भरून येण्यास मदत होते असे २०२२ साली दाखवले. काम संपले की साधनही संपते, काढायला दुसरी शस्त्रक्रिया नको. मला तर ही वाट अधिक शहाणपणाची दिसते.

आता एक गोष्ट खास आपल्या इलाख्याची. त्वचेला चिकटवून दोन दोन दिवस सतत सोनोग्राफी करणारी पट्टी अमेरिकेतील एम.आय.टी.ने २०२२ साली दाखवली, २०२३ साली स्तनांच्या तपासणीसाठी अंतर्वस्त्रावर बसणारे तसलेच साधन तेथूनच आले, आणि आपल्याकडेही असे प्रयत्न होतील यात संशय नाही. परंतु या देशात सोनोग्राफी यंत्र ही केवळ वैद्यकाची वस्तू नव्हे, कायद्याचीही आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली सर्वप्रथम केला, केंद्राचा १९९४ साली झाला, आणि त्याअन्वये प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवणारा ‘एफ’ नमुना, यंत्र जागेवरून हलवण्यावर निर्बंध आणि दप्तरात हयगय आढळल्यास यंत्राला सील, असा सारा मामला आहे. हे निर्बंध कशामुळे आले हे ज्याने पाहिले आहे, तो त्यांना जाच म्हणणार नाही. मग खिशात मावणारी, पोटाला चिकटणारी पट्टी या कायद्यात कुठे बसेल? तिची नोंद कोण ठेवील? यावर आपल्या एकाही भाषणात मी अवाक्षर ऐकलेले नाही. पट्टी बाजारात आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना फर्मान काढावे लागेल आणि मग आपण नोकरशाहीला दोष द्याल. त्यापेक्षा ठरावीक अवयवापलीकडे ती पाहूच शकणार नाही अशी तजवीज तिच्या घडणीतच करता येते काय, याचा विचार आजच सुरू व्हावा.

आणि जे अंगात बसवाल त्याची नोंद राहील अशी व्यवस्था आधी मागा. धातूचा एक कृत्रिम खुब्याचा सांधा २०१० साली जगभरातून परत बोलावला गेला. आपल्या देशात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांपैकी हजारभर रुग्णांचाच माग लागू शकला. वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना २०१५ साली सुरू झाली, वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले, हे चांगलेच झाले. परंतु केसाहून पातळ फितीवर अनुक्रमांक कुठे कोरणार, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी नव्हे, आपण सोडवायचा आहे.

एवढ्या तक्रारींनंतर माझे मत स्पष्ट सांगतो. दाबविद्युत् साधनाने शरीरातून वीज काढण्याचा हट्ट आपण काही काळ बाजूला ठेवावा आणि संवेदक म्हणून त्याच्याकडे पाहावे, कारण तेथे त्याची बरोबरी करणारे थोडे आहेत. रुग्णाच्या हालचालीनुसार ठोके वाढवणारे पेसमेकर १९८० च्या दशकात आले, त्यांपैकी काहींत डबीच्या आतल्या बाजूस एक दाबविद्युत् स्फटिक चिकटवलेला असे. रुग्ण जिना चढू लागला की डबी कंप पावे, स्फटिक तो कंप कळवी आणि ठोक्यांचा वेग वाढे. त्या स्फटिकाने पेसमेकरला वीज पुरवली नाही, मथळेही मिळवले नाहीत. पण ज्याला पूर्वी दुसऱ्या मजल्यावर पोहोचताना दम लागे तो माणूस त्याच्यामुळे तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागला. झोपेच्या तपासणीत छातीभोवती बांधल्या जाणाऱ्या श्वासाच्या पट्ट्यांपैकी काही याच जातीचे. जेथे मायक्रोवॅटचा अंशही पुरतो तेथे आपले द्रव्य राजा आहे.

शेवटची विनंती अशी. पुढला निबंध धाडताना त्यात एक तक्ता अधिक घाला: किती नमुने बनवले, त्यांपैकी किती बिघडले, कोणत्या दिवशी, आणि कोठे – पडद्यात, सांध्यात की आवरणात. संपादकांनी तो तक्ता काढून टाकायला सांगितले, तर कृपा करून तो राहू द्यावा म्हणून भांडा. बिघडलेले नमुने फेकून देऊ नका. जवळच्या जिल्हा रुग्णालयात उपकरणे दुरुस्त करणारा कुणीतरी असतोच, त्याच्याकडे ते पाठवा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्या.



आपला नम्र,
वैद्यकीय उपकरणांचा एक निवृत्त दुरुस्तीकार